पळसावरची लाख आणि पोटातली गोळी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सकाळी उपाशीपोटी घ्यायची बरं का, भाऊ." काउंटरवर सरकवलेली पट्टी पॅन्टोप्राझोलची असते, ४० मिलिग्रॅमची. लोकांच्या भाषेत पित्ताची गोळी. पहिल्या पाळीला निघालेला कामगार ती घेतो, शाळेतले सर घेतात, गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जळजळ होणाऱ्या आजीही घेतात. ही गोळी पोटातलं आम्ल कमी करते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, आणि खरं नवल तिच्यातच आहे. हे औषध आम्लात टिकत नाही. ज्या आम्लाचा बंदोबस्त करायला ते निघालेलं असतं, त्याच आम्लाने जठरात गाठलं तर ते वाटेतच निकामी होतं. त्याचं थोरलं भावंड म्हणजे ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आलेलं. तीव्र आम्लात ते काही मिनिटांत विघटित होतं.

म्हणून गोळीवर एक पातळ आवरण चढवलेलं असतं. जठरात ते जसंच्या तसं राहतं. गोळी जठराच्या पलीकडच्या दारातून लहान आतड्यात उतरली की ते विरघळतं आणि औषध मोकळं होतं. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्ताबरोबर फिरत फिरत पुन्हा जठरापाशीच येतं, पण आता मागच्या बाजूने, जठराच्या भिंतीतल्या पेशींपर्यंत. आम्ल तयार करणाऱ्या या पेशींमध्ये सूक्ष्म नळ्या असतात आणि शरीरातलं सगळ्यात तीव्र आम्ल त्यांच्यातच असतं. औषध तिथे पोहोचतं, आम्लाचा स्पर्श होतो, त्याची रचना बदलते, आणि बदललेला रेणू आम्ल बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे पंपाला, कायमचा चिकटतो. रक्तातून औषध काही तासांत नाहीसं होतं, परिणाम मात्र दिवसभर टिकतो, कारण पेशीला नवे पंप बनवायला वेळ लागतो.

एका साध्या गोळीत दोन उलट्या अटी घातलेल्या आहेत. आवरणाने आम्ल नसेल तिथेच उघडायचं आणि औषधाने आम्ल असेल तिथेच जागं व्हायचं. ना बॅटरी, ना चिप, बाहेरून कसली आज्ञाही नाही. शरीराच्या एका जागेची दुसऱ्या जागेपेक्षा वेगळी असलेली रसायनं, हाच इशारा.

बाहेरच्या किंवा आतल्या इशाऱ्यावर औषध सोडणारे पदार्थ म्हटलं की चकाकत्या प्रयोगशाळा आणि नॅनोकण डोळ्यांपुढे येतात. ते आहेतच, आणि त्यांच्याकडे आपण वळणार आहोत. पण या कुळातला एक जुना आणि मानाचा पदार्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला आहे. तो झाडावर एक किडा बनवतो. त्याचं नाव लाख.

आधी आवरणाची युक्ती समजून घेऊ. शेतकऱ्याला माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू माहीत असतो : ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. उपाशी जठराचा सामू साधारण १.५ ते ३ च्या आसपास असतो. लहान आतड्याच्या सुरुवातीला तो ६ च्या घरात जातो आणि शेवटाकडे ७ च्या वर चढतो. आकडे जवळजवळचे वाटतात. पण सामूची एकेक पायरी दहा पटींची असते. १.५ पासून ७.५ पर्यंत गेलं, तर आम्लपणा देणारे हायड्रोजनचे आयन दहा लाख पटींनी कमी झालेले असतात. माणसाच्या पोटात काही फुटांच्या प्रवासात एवढी मोठी दरी पार केली जाते. गोळीच्या आवरणाला तेवढी खूण पुरते.

ती खूण वाचणारा भाग म्हणजे कार्बॉक्सिल नावाचा अणूंचा एक छोटा गट. व्हिनेगरमध्येही तोच असतो, लिंबाच्या आम्लातही. भोवती हायड्रोजन आयनांची गर्दी असते तेव्हा हा गट आपला हायड्रोजन धरून बसतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो, पाण्याचं आणि त्याचं फारसं जमत नाही, आणि असे गट अंगावर वागवणारे लांबलचक रेणू एकमेकांना बिलगून घट्ट पापुद्रा धरतात. आम्ल ओसरलं की गट हायड्रोजन सोडून देतो आणि ऋणभारित होतो. आता शेजारचे रेणू एकमेकांना दूर लोटतात, मधल्या फटींत पाणी शिरतं, पापुद्रा फुगतो, मऊ पडतो आणि विरघळून जातो. कुठल्या सामूला हे घडेल, ते त्या पदार्थात असे गट किती आणि कशा शेजारात आहेत यावर ठरतं. म्हणून रसायनतज्ज्ञ ५.५ ला उघडणारं आवरण बनवू शकतो आणि ७ ला उघडणारंही.

आता लाख. पळस, बोर आणि कुसुम ही तिन्ही झाडं इथल्या जंगलात उभी आहेत, आणि लाखेच्या किड्याची ही आवडती घरं. पळस आणि बोरीवर वाढते ती रंगीनी लाख, कुसुमावरची ती कुसुमी. मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक, मध यांच्या बरोबरीने लाख हे या भागातलं जुनं गौण वनोपज आहे, आणि केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत रंगीनी आणि कुसुमी अशा दोन्ही लाखांना जागा आहे.

किडा बघायला भिंग लागतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, तांबूस रंगाचं. हजारो पिल्लं एकदम बाहेर पडतात आणि कोवळ्या फांदीवर जागा शोधत चालतात. जागा सापडली की पिल्लू सालीत सोंड खुपसतं आणि रस ओढायला लागतं. मादीसाठी हाच जन्माचा मुक्काम. तिचे पाय झिजून जातात आणि ती तिथून पुन्हा हलत नाही. तिच्या अंगावरच्या ग्रंथींतून राळ पाझरत राहते, हवेत कडक होते, आणि तिच्याभोवती कोठडी तयार होते. शेजारणींच्या कोठड्या एकमेकींना मिळतात आणि फांदीवर तपकिरी, खडबडीत थर चढतो. मात्र तोंड आणि श्वासाची छिद्रं यांच्याजवळ राळ पाझरत नाही. उलट छिद्रांतून मेणाचे पांढरे तंतू बाहेर येतात आणि वाट मोकळी ठेवतात. फांदीवरच्या थरावर ही पांढरी लव दिसली की आतला किडा जिवंत आहे असं समजायचं.

पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असलेल्या काड्या कापून नव्या झाडांना बांधतात, ते झालं बियाणं. बाकीच्या काड्यांवरून लाख खरवडतात, कुटतात, चाळतात आणि धुतात. धुण्याच्या पाण्यात लाल रंग उतरतो, पायांना लावायचा अळिता त्याच रंगाचा. उरलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर धरतात आणि पिशवीला पीळ देतात. वितळलेली लाख कापडातून झिरपते. ती गरम असतानाच ताणून तिचा पातळ पापड करतात, आणि थंड झाल्यावर मोडला की चपडा तयार. सुतार स्पिरिटमध्ये भिजवून लाकडाला लावतात तो हाच. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्या होत्या. बालगंधर्वांची नाट्यपदं ज्या तबकड्यांतून घराघरांत गेली, त्यांच्या काळ्या अंगात याच किड्याची राळ होती. लाक्षागृहामुळे लाख जळते हे महाभारतापासून माहीत आहे. लाखेला सामू कळतो, ही तिची ओळख मात्र बाहेर कमी पोहोचली.

लाख म्हणजे अनेक आम्लांची एकमेकांत गुंफलेली साखळी, आणि त्या साखळीला जागोजागी कार्बॉक्सिल गट लटकलेले. त्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही, आम्लातही नाही, पण अल्कलीत विरघळते. चपड्याचे चार तुकडे व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशीही ते तसेच करकरीत निघतील. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात टाकून ढवळत राहा, कडा मऊ होतील, पाणी तपकिरी होत जाईल, आणि शेवटी तुकडा हाती लागणार नाही. औषध कारखान्यात हेच तत्त्व उलट्या दिशेने वापरतात. लाखेतलं मेण आणि रंग काढून टाकायचा, अमोनियाच्या साहाय्याने ती पाण्यात विरघळवायची, फिरत्या ड्रममध्ये लोळणाऱ्या गोळ्यांवर तिचा बारीक फवारा मारायचा आणि गरम हवेने सुकवायचा. जठरासाठी बंद आणि आतड्यासाठी उघडं, असं आवरण तयार.

घरी करून बघण्याजोगा एक प्रयोग आहे. आवरण असलेल्या ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या घ्यायच्या. हृदयविकाराच्या रुग्णांना ७५ मिलिग्रॅमची देतात, ती चालेल. एक गोळी लिंबाच्या रसात सोडायची आणि दुसरी कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात. पहिल्या पेल्यात काहीच घडत नाही. गोळीची धार, तिची गोलाई, वरची चमक तशीच. दुसऱ्या पेल्यात आधी चमक जाते. मग कडेला पापुद्रा फुगून उचलला जातो, एक चीर पडते, आणि तिच्यातून पांढरी भुकटी पाण्यात उतरायला लागते. शेवटी पापुद्र्याची सुरकुतलेली चिंधी तरंगते आणि तीही नाहीशी होते. (प्रयोगातल्या गोळ्या नंतर टाकून द्यायच्या.) इंडियन फार्माकोपियाची अधिकृत चाचणी याच धर्तीची आहे. दोन तास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवल्यावर गोळीला तडा जाता कामा नये, आणि त्यानंतर ६.८ सामूच्या द्रावणात ती तासाभरात फुटली पाहिजे.

इथे गडचांदूरच्या दुसऱ्या संपत्तीचा संबंध येतो. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही हा सगळा टापू सिमेंटचा, कारण माणिकगडाच्या पायथ्याच्या या भागात चुनखडीचे जाड थर आहेत. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यावर आम्ल ओतलं की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि आम्ल मारलं जातं, हे शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिलेलं असतं. जळजळीवर चघळायच्या कितीतरी गोळ्यांमध्ये हेच कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि हाडांसाठी डॉक्टर लिहून देतात त्या कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांमध्येही. खनिज तेच, फक्त औषधासाठी शुद्ध केलेलं.

आता आवरणाची गोळी आणि आम्लनाशक गोळी एकदम घेतली तर? जठरातलं आम्ल मारलं जातं आणि सामू वर चढतो. आवरणाला डोळे नाहीत. आपण जठरात आहोत की आतड्यात, हे त्याला सामूवरूनच समजतं, आणि सामू तर म्हणतो की आतडं आलं. ते तिथेच उघडतं. म्हणूनच पोट साफ होण्यासाठीच्या बिसाकोडिलच्या गोळ्यांवर सूचना असते की दूध किंवा आम्लनाशक घेतल्यावर तासभर तरी ही गोळी घेऊ नये. दूधही जठराचा सामू काही काळ वर नेतं. औषध जठरातच मोकळं झालं की पोटात कळा येतात. पळसावरची राळ आणि डोंगरातली चुनखडी, दोन्ही या जिल्ह्याच्या, आणि पोटात एकत्र आल्या की एक दुसरीला फसवते. हे समजल्यापासून 'दोन औषधांत अंतर ठेवा' हे वाक्य मला कधी कोरडं वाटलेलं नाही.

याच ओघात एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या घरांत गोळी अर्धी मोडून देण्याची, कुटून मधातून चाटवण्याची सवय फार आहे. म्हाताऱ्या माणसांना गिळता येत नाही म्हणून प्रेमानेच केलेलं असतं ते. पण पट्टीवर 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' किंवा 'एंटेरिक कोटेड' असे शब्द असतील, तर गोळी मोडल्याक्षणी तिचं सगळं शहाणपण संपतं. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारावं, पर्याय असतात. ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून पाहिली तर आत मोहरीहून बारीक असे पांढरे दाणे दिसतात. त्यातल्या प्रत्येक दाण्यावर स्वतंत्र आवरण असतं.

दाण्यांचा आणखी एक फायदा आहे. जेवण पचत असताना जठर आपलं पलीकडचं दार किलकिलंच ठेवतं, त्यातून बारीक झालेलं तेवढंच पुढे जातं. अख्खी गोळी मागेच अडकते आणि पोट रिकामं झाल्यावर येणारी आकुंचनाची मोठी लाट तिला पुढे ढकलते. दाणे मात्र जेवणाबरोबर निघून जातात. उपाशीपोटी घ्या या सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

ही कल्पना जुनी आहे. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी १८८४ मध्ये गोळ्यांना केराटिनचं, म्हणजे शिंगा-नखांतल्या प्रथिनाचं, आवरण देऊन पाहिलं. विसाव्या शतकात लाखेने तिथे जम बसवला. मग सेल्युलोजपासून बनवलेली आवरणं आली, १९५० च्या दशकात जर्मनीतून मेथॅक्रिलिक आम्लाची कृत्रिम आवरणं आली, आणि लाख मागे पडली. तिचे दोष खरे होते. ती उघडते साधारण ७ सामूच्या आसपास, म्हणजे लहान आतड्याचा बराच भाग ओलांडल्यावर, आणि पुष्कळ औषधांना तेवढा उशीर परवडत नाही. त्यातून निसर्गातला माल, दर हंगामात थोडा वेगळा. शिवाय साठवणीत तिचे रेणू एकमेकांशी जुळत जातात आणि मोकळे कार्बॉक्सिल गट कमी होतात. जुन्या आवरणाची गोळी वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही.

याच कार्बॉक्सिलच्या गुणाने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधकांना खुणावलं. गोव्याच्या माशेलचे रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ तिथे संचालक होते. त्यांनी आणि आशीष लेले यांनी सहकाऱ्यांबरोबर पाणी धरून ठेवणाऱ्या, परिस्थितीनुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जेलवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामाला पार्श्वभूमी होती १९७८ च्या एका निरीक्षणाची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तोयोइची तानाका यांना दिसलं होतं की परिस्थितीत किंचित बदल झाला तर जेलचा तुकडा हळूहळू बदलण्याऐवजी एकदम कोसळून लहान होऊ शकतो. पुढे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शायनी वर्गीस यांच्या गटाने माशेलकर आणि लेले यांच्यासह एक जेल प्रसिद्ध केलं. त्याचे दोन कापलेले तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत जुळतात, ओढले तरी सुटत नाहीत. अल्कलीच्या द्रावणात टाकले की पुन्हा अलग होतात. जेलच्या रेणूंतून बाहेर आलेल्या फांद्यांच्या टोकांना कार्बॉक्सिल गट होते. आम्लात ते एकमेकांचा हात धरतात, आम्ल गेलं की एकमेकांना दूर सारतात. लाखेत जे घडतं तेच इथे मोजूनमापून, हव्या त्या लांबीच्या फांद्यांवर घडवलेलं. जठरातल्या जखमेवर चिकटून बसणाऱ्या लेपासारखे त्याचे उपयोग संशोधकांच्या मनात होते.

इशारा सामूचाच असावा असं काही नाही. काही बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरची, द्रावणं थंड असताना पातळ आणि अंगाच्या उबेत घट्ट होतात, अगदी तुपाच्या उलट. फ्रिजमधून काढलेलं औषध सुईने टोचायचं, आत गेल्यावर त्याचा गोळा बनतो आणि त्यातून औषध सावकाश झिरपतं. पवईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर काम केलं. बाहेरून सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावलं की असे कण तापतात, आणि त्या उष्णतेने गाठीच्या जागीच औषध सोडवता येईल, ही त्यामागची आशा. मोठ्या आतड्यात तर इशारा देतात जिवाणू. सांधेदुखी आणि आतड्याच्या सुजेवरचं सल्फासॅलाझिन हे औषध म्हणजे दोन रेणू एका बंधाने जोडलेले. तो बंध मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात आणि औषध तिथेच मोकळं होतं. स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्झ यांनी ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तयार केलं होतं.

सगळंच साधलेलं नाही. उष्णता लागली की फुटणाऱ्या मेदाच्या पिशव्यांत कर्करोगाचं औषध भरून यकृताच्या गाठींवर मोठी चाचणी झाली. त्यात सुमारे ७०० रुग्ण होते, आणि २०१३ मध्ये निकाल आला की अपेक्षित फायदा दिसला नाही. काचेच्या भांड्यात तापमान आपल्या हातात असतं. माणसाच्या यकृतात रक्त सतत वाहतं आणि ऊब पळवून नेतं, गाठीचा एक कोपरा तापतो आणि दुसरा गारच राहतो. प्रयोगशाळेत चोख वागलेले कितीतरी पदार्थ अशा ठिकाणी अडले आहेत. साखर वाढली तरच काम करणाऱ्या इन्सुलिनचा शोधही अनेक वर्षांचा आहे. २०२४ मध्ये असा एक रेणू प्रसिद्ध झाला आणि प्राण्यांमध्ये त्याने चांगलं काम केलं. रोज सुई टोचून घेणाऱ्या माणसाला रात्री साखर एकदम उतरण्याची भीती किती असते, हे ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना सांगायला नको.

लाखेचंही पान उलटलेलं नाही. उशिरा उघडणं हा तिचा दोष मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचवायच्या औषधांसाठी गुण ठरतो. वनस्पतिज आणि आहारपूरक गोळ्यांवर कृत्रिम आवरण नको असणारे उत्पादक पुन्हा तिच्याकडे वळले आहेत, आणि अमोनियाच्या क्षाराच्या रूपात ठेवली तर तिचं म्हातारपण लांबवता येतं, हेही आता माहीत झालं आहे. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे, आणि जगात लाख पिकवणाऱ्या देशांत भारत पहिला आहे. पण पळसाच्या फांदीवरून लाख खरवडणाऱ्या हाताला भाव मिळतो तो कच्च्या लाखेचा. औषधाच्या प्रतीची लाख, तिची प्रतवारी, सामूच्या चाचण्या, मेण आणि रंग काढण्याची सोय, हे सगळं जंगलापासून फार दूर आहे. कार्बॉक्सिल गट मोजण्यासाठी लागतं ते एक ब्युरेट, थोडं अल्कलीचं द्रावण आणि रंग बदलणारा दर्शक. तेवढी सामग्री कोरपना-राजुऱ्याच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात असते, आणि बारावीची मुलं दर वर्षी त्याच ब्युरेटने आम्ल-अल्कलीचं मापन करतात. त्या टेबलावर एकदा आपल्या जंगलातली लाख ठेवून बघायला हवी.